हे नाव यादीत नाही

‘काका, माझ्या नावाने उघडतं का?’

मोजून पाच शब्द. शनिवारी शाळा सुटल्यावर सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर रुचिता आणि ममताने ते माझ्याकडून तीनदा पाठ करून घेतले होते. ‘दम असेल तर सगळ्यांसमोर विचार,’ रुचिता म्हणाली. ‘नहीं पूछेगी, देखना,’ ममता म्हणाली, ‘काका लोगों के सामने इसकी बत्ती गुल.’ माझी बत्ती गुल? गेल्या दिवाळीपर्यंत झाली असती. वर्गात उत्तर येत असलं तरी बाकाखाली नखं कुरतडत बसणारी ती मी आता संपली होती. आता माझी स्वतःची वेबसाइट होती. म्हणजे मंडळाची होती, पण तिचं दार मी केलं होतं. लॉगिनचं पान. त्यावरचा रंग, देऊळ, बटण, अक्षरं, सगळं माझ्या कोडमधून आलेलं. म्हणून रविवारी सकाळी पेणकरपाड्याच्या त्या हॉलमध्ये, वरची वाडी ग्रामस्थ मंडळ, मुंबई यांच्या संकेतस्थळाचं उद्घाटन होऊन नारळाचे तुकडे वाटून झाल्यावर, मी हात वर केला आणि विचारलं. हरिश्चंद्र काका मंडळाचे सेक्रेटरी. ते लॅपटॉपसमोर बसले होते आणि मागे भिंतीवर माझं पान उमटलं होतं, पुरुषभर उंच. ‘बघू या की,’ ते म्हणाले आणि एका बोटाने माझं नाव टाइप करायला लागले. एकेक अक्षर शोधत. प्रत्येक अक्षरानंतर मान वर करून भिंतीकडे बघत, आलं का म्हणून. गिरिजा. मग पासवर्डच्या जागी काहीतरी दोनचार बटणं दाबली, आणि भिंतीवर लाल पट्टी आली. त्या पट्टीतलं वाक्य माझंच होतं. मीच लिहिलं होतं, मीच ठळक केलं होतं, बाजूला बारा पिक्सेलची मोकळी जागा मीच सोडली होती. हे नाव मंडळाच्या यादीत नाही.

हॉल हसला. पंख्यांचा आवाज बुडाला एवढा हसला. ‘अगं, तूच लिहिलंयस ना?’ हरिश्चंद्र काका म्हणाले, ‘मग स्वतःच पकडली गेलीस की!’ पुन्हा हसले. कोणीतरी मागून म्हणालं, ‘बाबांच्या नावाने जा गं, एकच घर आहे.’ काका म्हणाले, ‘बरोबर. घराला एक खातं. घरप्रमुखाचं.’ मी तिसऱ्या रांगेत पाहिलं. बाबा हसत होते. तोंडावर हात ठेवून नाही, ओशाळून नाही, व्यवस्थित, वरचे दात दिसतील असे. मला सगळ्यांचं हसणं विसरता आलं असतं, लोक कशालाही हसतात, केळ्याच्या सालीलाही हसतात. पण बाबांचे वरचे दात भिंतीवरच्या त्या पट्टीसारखे डोळ्यांसमोरून हलेनात. मग काकांनी माझ्या हातात एक जाड फाइल ठेवली. ‘घरोघरच्या वंशावळी आल्यात. बावीस घरं. आत टाकायच्यात. तुझ्याशिवाय कोण करणार, बाळा?’ बाळा. यादीत नसलेलं बाळ. मी फाइल घेतली. दोन्ही हातांनी घेतली, प्रसाद घेतात तशी, याचा मला अजून राग येतो.

रिक्षात आई मध्ये, मी आणि बाबा कडेला. मी फाइल मांडीवर धरून बसले आणि ते पान आठवत राहिले, कारण ते आठवलं की मला बरं वाटतं. मूळचं पान म्हणजे आजारी माणसाच्या खोलीसारखं होतं. पांढरं, थोडं निळसर, मधे एक चौकोन, वर वर्डप्रेसचा, म्हणजे साइट बनवायच्या सॉफ्टवेअरचा, लोगो, आणि सगळं इंग्रजीत. काका म्हणाले होते, ‘आपल्या म्हाताऱ्यांना हे बघून दवाखान्यात आल्यासारखं वाटेल.’ मी म्हटलं, बदलते. म्हटलं आणि मगच शिकले. बाबांनी दहावीच्या नावाखाली सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला होता, त्यावर शाळेतून आल्यावर तीन आठवडे बसले. मूळ फाइलींना हात लावायचा नाही, लावला तर पुढच्या अपडेटला सगळं पुसून जातं, हे मला एकदा सगळं पुसून गेल्यावर कळलं. मग थीमच्या, म्हणजे सजावटीच्या, फाइलमध्ये आपली चार ओळींची जोडणी लिहायची, आणि पान उघडताना ती आपली रंगांची फाइल ओढून आणते. पहिल्यांदा पान लाल झालं तेव्हा मी खुर्चीवर उभी राहिले होते. तो नुसता लाल नव्हता. गावच्या देवळाच्या जांभ्या दगडाचा रंग, पाणी पडल्यावर होतो तो, हॅश नऊ चार चार ए दोन एफ. सत्तावीस लाल रंग बघून तो सापडला. मग लोगोच्या जागी देवळाचं चित्र बसवलं. काकांच्या ऑफिसातल्या जुन्या ब्राउझरमध्ये त्याच्यामागे राखाडी चौकोन दिसायला लागला, तर त्यांचा फोन, ‘बाळा, देवळामागे धूर कसला?’ त्या धुरासाठी दोन दिवस गेले. मराठी अक्षरं काही लोकांच्या कॉम्प्युटरवर नुसती डबे डबे दिसायची, म्हणून मंडळाचं नाव चित्र करून लावलं. बटणावर ‘प्रवेश’ लिहिलं. आणि शेवटी ते चुकीचं नाव टाकल्यावर येणारं वाक्य. इंग्रजीत ते फारच कोरडं होतं. मी काकांना विचारलं, काय लिहू? ते म्हणाले, ‘सोपं लिही. बाहेरच्याला कळलं पाहिजे की आपण बाहेरचे आहोत.’ मी वहीत तीन वाक्यं लिहिली, मोठ्याने वाचून पाहिली आणि सगळ्यात ठाम होतं ते निवडलं. बाहेरचा म्हणजे कोण, हे मी विचारलंच नाही. मला वाटलं, दुसऱ्या गावचे.

‘पूनम सागर, किधर रोकू?’ रिक्षावाला म्हणाला. ‘बस इधरही, गेट के पास,’ बाबा म्हणाले. उतरताना त्यांनी माझ्या मांडीवरची फाइल उचलून घ्यायला हात पुढे केला. ‘दे, जड आहे.’ मी दिली नाही.

मी रुसून जेवण सोडणाऱ्यातली नाही. राग आला की माझा टायपिंगचा स्पीड वाढतो. जेवून बसले तर अडीच तासांत सोळा घरं झाली. मी आत जाते ती अ‍ॅडमिन म्हणून, म्हणजे आत जाता येतं मला, सगळीकडे जाता येतं, कोणाचंही खातं उघडता-मिटता येतं. पण अ‍ॅडमिन हे नाव नाही. आमच्या वॉचमनकडेही सगळ्या टेरेसच्या किल्ल्या असतात. बाबा आतल्या खोलीत झोपले होते, त्यांच्या घोरण्याला एक शिट्टी आहे, ती येत होती. आई ओट्यापाशी वाटाणे सोलत होती. प्रत्येक घराचा एक छापील कागद होता. वर मूळ पुरुष, त्याखाली रेघा, रेघांच्या टोकाला पुरुष, त्यांच्याखाली पुन्हा रेघा. तळाशी ‘वरील माहिती बरोबर आहे’ आणि सही. बायका कुठेच नव्हत्या, हे मला सहाव्या घरानंतर दिसलं. म्हणजे आधीही दिसत होतं, पण शाळेच्या इतिहासात राजांच्या वंशावळी असतात तशाच या, म्हणून डोळा पुढे जात होता. बाबाजी, त्याचे चार, चौघांचे नऊ. जणू ही माणसं रेघेतून थेंबासारखी गळत होती, कोणाच्या पोटातून आलीच नव्हती. नवव्या कागदावर नाथा आत्माराम या नावाखाली रेघ नव्हती, एक शब्द होता. निर्वंश. मी तोही टाइप केला. रफार मला नीट जमत नाही, र, मग पाय मोडायचा, मग व. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा आला, आणि आला याचा आनंदसुद्धा झाला. मग अकराव्या घराच्या मध्येच बोटं थांबली. नाथा आजोबांना मी ओळखते. त्यांच्या मुली, शालू आत्या आणि स्वाती आत्या, विरारला राहतात. शालू आत्याने मला हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, साबण लावून, हात दुखू न देता. निर्वंश माणसाला दोन मुली कशा असतील? कागद भरणाऱ्याची चूक असेल. मी कडेला पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं आणि पुढे गेले.

आमचं घर मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. ताटातला गोड घास ठेवतात तसं. फाइलमध्ये ते सातवं होतं, मी न बघता पालथं करून बाजूला ठेवलं होतं. पाच वाजता एकवीस घरं संपली आणि मी तो कागद सुलटा केला. अक्षर बाबांचं. मला त्यांचं अक्षर आवडतं, शिपिंग कंपनीत वीस वर्षं फॉर्म भरून भरून झालेलं अक्षर, प्रत्येक अक्षर आपल्या चौकोनात बसलेलं. सदू. त्याखाली दोन रेघा, बबन, म्हणजे बाबा, आणि जितेंद्र. जितेंद्र काकांच्या खाली साईराज. साईराज दोन वर्षांचा आहे, अजून पायातली चप्पल तोंडात घालतो. आणि बबनच्या खाली, त्याच सुंदर अक्षरात, रफार अगदी व्यवस्थित दिलेला, तो शब्द. कागदाच्या अगदी तळाशी बारीक छापलं होतं, पुत्र नसल्यास ‘निर्वंश’ असे लिहावे. आणि मग सही. खाली दोन टिंबांची. माझ्या प्रगतिपुस्तकावर असते तीच.

मी तो कागद परत पालथा केला. परत सुलटा केला. अर्थ माहीत नाही असं नव्हतं, तरी मी त्या शब्दाकडे असं बघत होते की तो एखाद्या औषधाचं नाव असावा. आतून बाबांची शिट्टी येत होती. मला जाणवलं की माझ्या पायांना मुंग्या आल्यात, आणि मी त्या मुंग्यांवर लक्ष ठेवून बसले, कारण त्या तरी नक्की माझ्या होत्या. या कागदाप्रमाणे त्या खोलीत एक माणूस झोपला होता, ज्याच्या पुढे काही नव्हतं, आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीवर कोणी बसलेलं नव्हतं. मग तो शाळेची फी कोणाची भरतो? सर्दी झाल्यावर त्याच्या छातीला बाम कोण लावतं? ‘माझ्या पोरीने केलंय,’ असं सांगत तो शेजारच्या जोशी आजोबांना, इस्त्रीवाल्याला, ऑफिसातल्या साहेबाला फोनवर कोणाचं पान दाखवत होता? परळची खोली सोडून आम्ही इथे आलो तेव्हा मी तिसरीत होते. दारावर बाबांच्या नावाची पितळी पाटी लागली. मी तिच्याखाली स्केचपेनने गिरिजा लिहून कागद चिकटवला. बाबांनी तो काढला नाही. वर्षभर होता. रंगकाम आलं तेव्हा गेला, आणि मी पुन्हा चिकटवला नाही, कारण मोठी झाले होते. मला तेव्हा वाटलं होतं की बाबांनी तो ठेवला. आता वाटलं, त्यांनी तो ठेवला नव्हता, फक्त काढायचा राहिला होता.

फोन वाजला. रुचिता. ‘मग? विचारलंस?’

‘विचारलं.’

‘काय म्हणाले? अगं बोल ना, ममता इथेच आहे, ती बोलतेय तू विचारलंच नसणार.’

मी सगळं सांगितलं. भिंत, पट्टी, हसणं. कागदाचं नाही सांगितलं.

‘पागल है क्या,’ ममताने फोन ओढून घेतला, ‘तू अ‍ॅडमिन है ना? डाल दे अपना नाम. दो क्लिक.’

‘आणि त्या सगळ्यांना काढून टाक,’ मागून रुचिता. ‘सगळ्यांना लॉक कर! बसू देत बाहेर बोंबलत!’

फोन ठेवल्यावर मी तेच केलं. नाव नाही घातलं. स्वतःच स्वतःला आत घेणं म्हणजे लग्नात न बोलावता पंगतीला बसणं, मला नको ते. पण रंगांची फाइल उघडली आणि त्या मधल्या चौकोनाला एक ओळ लिहिली, दिसू नकोस. बस. पान परत उघडलं तर देऊळ नाही, नावाची जागा नाही, बटण नाही. पडदाभर नुसता ओला जांभा. दार बुजवलेली भिंत. मला इतकं छान वाटलं की मी मोठ्याने हसले. आईने वळून पाहिलं. मी त्या भिंतीकडे बघत बसले आणि मनात एकेकाला तिच्यावर आपटलं. ‘बाबांच्या नावाने जा’ म्हणालेला मागचा माणूस. नारळाचे तुकडे चघळत हसणारे. हरिश्चंद्र काकांचं एक बोट. सगळ्यात शेवटी बाबा, वरच्या दातांसकट. पाच मिनिटं झाली नसतील तर काकांचा फोन.

‘बाळा, साइटवर नुसतं लाल लाल दिसतंय. आत कुठून जाऊ?’

‘काम चालू आहे, काका.’

‘चालू दे, चालू दे. घाई नाही. इथे एका आजोबांना दाखवत होतो. ते म्हणतात रंग अगदी देवळाचाच धरलाय पोरीने.’

मला तो कौतुकाचा शब्द गोड लागला, आणि लागला म्हणून स्वतःची शिसारी आली. ‘काका,’ मी म्हटलं, ‘निर्वंश कोणाला म्हणतात?’

काकांनी टीव्हीचा आवाज कमी केला. ‘अगं, ज्याचं घर पुढे चालत नाही त्याला. लिहिण्याची पद्धत आहे ती. शिवी थोडीच आहे? तू उद्या दुसऱ्या घरची होणार, तिथे लागेल ना तुझं नाव.’

‘तिथल्या वंशावळीत बायका लिहितात?’

‘तू ना, वकील हो.’ ते हसले. सकाळचंच हसणं. मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘हे बघ, मी कोणाच्या कागदावर काही लिहिलेलं नाही. ज्याने त्याने आपलं लिहून दिलंय. तुझ्या बाबांना विचार. सही त्यांची आहे.’

आणि हे खरं होतं. म्हणूनच मला त्यांचा गळा धरता येईना. मी फोन ठेवला आणि भिंतीकडे पाहिलं. आता ती भिंत मला पोरकट वाटली. आणि कुरूपसुद्धा. सत्तावीस लाल बघून निवडलेला रंग नुसता ओतून ठेवल्यावर कसा रंगाच्या दुकानासारखा दिसत होता. देऊळ नसलं की तो जांभाच राहत नव्हता. मी चांगलं केलेलं काम मी का घाण करू? त्यांनी मला घाण लिहिलं म्हणून? मी ती ओळ काढली. चौकोन परत आला, देऊळ परत आलं, बटणाखालची बारीक सावली परत आली, ती सावली कोणाला दिसत नाही पण नसली तर बटण बटण वाटत नाही. मग मी स्वतःचं नाव टाकून प्रवेशवर क्लिक केलं. लाल पट्टी. हे वाक्य बदलावं का, असा विचार केला. कर्सर त्यावर नेला. बदललं नाही. खरं होतं ते. खोट्या कागदांनी भरलेल्या त्या अख्ख्या साइटवर तेवढं एक वाक्य खरं होतं आणि ते मी लिहिलं होतं.

सहा वाजता बाबा उठले. तोंड धुऊन, टॉवेल खांद्यावर टाकून, चहाचा कप घेऊन माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. ‘झालं का टायपिंग?’

‘एकवीस घरं झाली.’

‘वा. एका दुपारात!’ त्यांनी कप टेबलावर ठेवला, त्याच कागदाच्या शेजारी. कागद सुलटा होता. त्यांनी पाहिला. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण मॉनिटरच्या काचेत ते दिसत होते, देवळाच्या चित्रावर त्यांचा चेहरा आला होता.

‘वाचून सही केली होतीत?’

‘अगं ते, फॉर्ममध्ये खाली सूचना होती. तसंच लिहायचं असतं.’

‘रिकामं सोडायचं.’

‘रिकामं कसं सोडणार? रिकामा कॉलम असला की फॉर्म परत येतो.’ हे ते इतक्या सरळपणे म्हणाले की माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, रागाचं. हेच त्यांनी मला शिकवलं होतं. स्कॉलरशिपचा फॉर्म, बसच्या पासचा फॉर्म, एकही कॉलम रिकामा ठेवायचा नाही, गिरू, माहिती नसेल तर आडवी रेघ मार. आडवी रेघ. माझ्यासाठी त्यांना आडवी रेघसुद्धा सुचली नाही.

‘आणि सकाळी का हसलात?’

‘सगळे हसले म्हणून...’ त्यांनी टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. ‘मनात काही नव्हतं गं. तू माझी कोण आहेस हे काय कागदावर असतं का?’

‘हाच कागद आहे, बाबा. दुसरा नाहीये. हाच आता आत राहणार, तुम्ही गेल्यावर, मी गेल्यावर. साईराज मोठा होऊन बघेल आणि म्हणेल, बबन काकांना कोणी नव्हतं.’

‘जाऊ दे की,’ आई ओट्याकडून म्हणाली. ‘माझं तरी नाव कुठाय त्यात? मी काही बोलते?’

‘बोल ना मग!’ मी ओरडले. एवढ्या जोरात की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला. आईच्या मांडीवरच्या ताटात वाटाण्याची सालं होती, ती तिने उगाच एका बाजूला सारखी केली. बाबा कागदाकडे बघत होते. त्यांनी हात पुढे करून तो उचलला आणि खिडकीपाशी नेला, जणू उजेडात शब्द बदलेल. ‘तूच काहीतरी टाक ना,’ ते तिकडे तोंड करून म्हणाले. ‘तुला येतं. तुझं नाव टाक, नाहीतर काढून टाक तो शब्द. मी काय म्हणणार आहे? काकांना कळणारही नाही.’

हे मला हवं होतं असं मला वाटलं होतं. ते मिळालं, आणि हातात एखादं ओलं, थंड काहीतरी दिल्यासारखं झालं. चोरून. काकांना न कळता. त्यांच्या सहीच्या कागदावर माझ्या हाताने. मी उठले. खुर्ची मोकळी केली, तिची उंची कमी केली, बाबांचे गुडघे टेबलाला लागतात. अ‍ॅडमिनमधून बाहेर पडले. पडद्यावर माझं पान आलं, जांभं, देखणं, मधे नावाची रिकामी जागा आणि त्यात कर्सर उघडमीट करत होता. आई सालांचं ताट बाजूला ठेवून उठली, बाथरूममधलं प्लॅस्टिकचं स्टूल आणून तिने खुर्चीशेजारी ठेवलं, माझ्यासाठी. मी बसले.

‘माझं ठरलंय,’ मी दोघांना सांगितलं. ‘एकवीस घरं मी टाइप केली. आपलं मी करणार नाही. ते बाबा करतील, आज, आत्ता, त्यांच्या नावाने आत जाऊन. त्या जागी काय लिहायचं ते त्यांनीच लिहायचं. मी इथे बसतेय, अक्षर सापडलं नाही तर दाखवीन, रफारसुद्धा दाखवीन. बाबा, आधी पासवर्ड लागेल. तुमचा पासवर्ड मी माझं नाव ठेवलाय. तो टाइप करताना दिसत नाही, नुसते ठिपके येतात. पुढचा शब्द मात्र दिसेल.’